सात सीटर एसयूव्हीमागे कोणती कॅराव्हॅन ओढावी? (नागपूर)

नारंगी_प्रवासी

नमस्कार मंडळी. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, आई आणि दोन मुलं. गाडी लॅडर फ्रेमची (बॉडीखाली शिडीसारखी वेगळी चॅसिस), डिझेल ऑटोमॅटिक, सात सीटर, ड्राइव्ह मागच्या चाकांना. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा ब्रँडवरच अडकते. आकडे असे: रिकामं वजन २०४० किलो, जीव्हीडब्ल्यू (भरलेल्या गाडीचं कमाल वजन) २६२० किलो, व्हीलबेस २.७५ मीटर. हिच (कॅराव्हॅन जोडायची मागची चौकट) बसवली तर मागच्या अ‍ॅक्सलपासून टो बॉलपर्यंत (ज्या गोळ्यावर कॅराव्हॅन अडकते) साधारण १.१५ मीटर येईल.

फिरणं बहुतेक पेंच, ताडोबा, नवेगावबांध, दिवाळीत चिखलदरा, आणि वर्षातून एखाद्या वेळी समृद्धीवरून नाशिककडे. तीन कॅराव्हॅन डोळ्यांसमोर आहेत.

१) टिअरड्रॉप (थेंबाच्या आकाराची छोटी). रिकामी ४२० किलो, कमाल ७०० किलो, ब्रेक नाहीत. आत दोघं झोपतील, बाकीच्यांना तंबू.
२) ३.९ मीटर बॉडी, एक अ‍ॅक्सल, ओव्हररन ब्रेक (कॅराव्हॅन गाडीवर रेलली की आपोआप लागणारे). रिकामी ७८०, कमाल १०५०. बंक धरून पाच जणांची झोप होते. टॉयलेट नाही.
३) ५.२ मीटर बॉडी, इलेक्ट्रिक ब्रेक, टॉयलेट आणि एसी. रिकामी १३५०, कमाल १७००.

घरच्यांचा जीव तिसरीत अडकला आहे. विकणारा म्हणतो की २०४० चे ८५ टक्के म्हणजे १७३४, तेव्हा १७०० ची आरामात बसते. शिवाय अशा एसयूव्ही परदेशात अडीच-तीन टन ओढतात. हे कितपत धरून चालायचं?

काटापावती

८५ टक्क्यांचा हिशेब चुकीचा नाही, पण तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. ब्रिटनमधल्या कॅराव्हॅनवाल्यांचा तो संकेत: भरलेली कॅराव्हॅन ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड नसावी, म्हणजे मागचं वजन पुढच्या गाडीवर हुकूमत गाजवत नाही. तुमच्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल, टायर आणि हिच किती झेपवतील, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

परदेशी आकड्यांचंही तसंच. ऑस्ट्रेलियात ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी फॉर्च्युनर ऑटोमॅटिकला ३१०० किलो आणि महिंद्रा स्कॉर्पिओला २५०० किलो हे कंपन्यांचे अधिकृत आकडे आहेत. पण ते तिथल्या व्हेरिएंटला, तिथल्या हिचला आणि तिथल्या मंजुरीला लागू. इथे विकलेल्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्सचा कूलर, मागच्या स्प्रिंगा, टायर, काहीही वेगळं असू शकतं. आपल्या गाडीच्या हँडबुकात टोइंगचा आकडा असेल तर तोच धरा. नसेल तर चॅसिस नंबर देऊन कंपनीला ईमेल करा आणि लेखी उत्तर घ्या. ब्रेकसह किती, ब्रेकशिवाय किती, बॉलवर उभा भार किती आणि गाडी-ट्रेलर मिळून एकूण किती, असे चार आकडे मागा. ‘ओढू नये’ असं उत्तर आलं तर विषय तिथेच संपतो. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर कुणी ‘काही होत नाही’ म्हणालं, तर ते उत्तर नव्हे.

आता तुमच्या आकड्यांवर. गाडीची क्षमता म्हणजे २६२० वजा २०४०, ५८० किलो. पाच माणसं अंदाजे २७०. गाडीतलं सामान ६०. हिचची चौकट, रिसीव्हर आणि बॉल मिळून २८ धरा, हे वजन बहुतेक जण मोजतच नाहीत. झाले ३५८. उरले २२२ किलो, आणि कॅराव्हॅनचं टंग वेट, म्हणजे तिचं नाक बॉलवर जेवढा भार टाकतं तो, यातूनच जाणार.

टंग वेट किती असावं यावर दोन परंपरा आहेत. युरोपात कॅराव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के, अमेरिकेत १० ते १५. युरोपातल्या कॅराव्हॅन हलक्या, त्यांचं जड सामान अ‍ॅक्सलजवळ बसवलेलं, आणि तिथे टोइंगचा वेगही कमी. म्हणून त्यांना कमी टक्के पुरतात. आपल्याकडच्या फॅब्रिकेटेड कॅराव्हॅनला माझ्या मते ७ ते १० टक्के ठेवावेत, अर्थात गाडीच्या आणि हिचच्या मर्यादेत राहून.

दुसरीला, १०५० वर, साधारण ९० किलो टंग वेट येईल. पण हा भार अ‍ॅक्सलवर नाही, अ‍ॅक्सलच्या १.१५ मीटर मागे पडतो, म्हणून तरफेसारखा काम करतो. मागच्या अ‍ॅक्सलवर ९० ऐवजी ९० × (१ + १.१५ ÷ २.७५) = १२८ किलो चढतात आणि पुढच्या चाकांवरून ३८ किलो उतरतात. तिसरीला ८ ते १० टक्के म्हणजे १३६ ते १७० किलो. मागच्या अ‍ॅक्सलवर १९३ ते २४१, पुढून ५७ ते ७१ कमी. कागदावर २२२ मधून १७० गेले तरी ५२ उरतात, पण एकूण जीव्हीडब्ल्यूत जागा आहे म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवर जागा आहे असं नाही. तिसऱ्या रांगेच्या जागेतलं सामान जवळजवळ सगळं मागच्या अ‍ॅक्सलवरच असतं, मधल्या रांगेतल्या माणसांचा बराच भारही तिकडेच. त्यावर २४० किलो चढले की मागचे टायर आणि बेअरिंग हद्दीवर, आणि पुढचं स्टिअरिंग हलकं. पावसात वळणावर गाडी सरळ जाऊ पाहते ती यामुळेच.

तेव्हा तिसरी नको. पहिली या गाडीला वजनाने सोपी, पण ब्रेक नाहीत आणि पाच माणसांत तिघं बाहेर. दुसरी बरोबर बसते, फक्त तिच्या ७८० वर विश्वास ठेवून चालू नका. ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो. घरातल्या इन्व्हर्टरची १५० एएच ट्यूब्युलर बॅटरी ५० किलोच्या वर असते, ५५ धरा. ५ किलोचा सिलिंडर टाकीसकट ११-१२ किलो. भांडी, शिधा, गाद्या ६० आणि ऑनिंग (बाहेर ताणायचं छत) २०. म्हणजे १००७ झाले. छतावर ३५ किलोचा एसी टाकला की १०४२. १०५० च्या कॅराव्हॅनमध्ये उरतात ८ किलो. अजून खुर्च्या आणि तंबू बाकी आहेत.

विकत घेण्याआधी काट्यावर न्या. कळमना मार्केट आणि वाडीच्या ट्रान्सपोर्ट भागात धर्मकाटे आहेत. रिकामी कॅराव्हॅन गाडीपासून सोडवून, पूर्ण काट्यावर ठेवून मोजा. ब्रोशरपेक्षा जास्त भरली तर तो फरक तुमच्या सामानातून कापला जाणार. घेतल्यावर पहिल्या ट्रिपचं सगळं सामान, पाणी, डिझेल आणि माणसं भरून पुन्हा जा आणि या क्रमाने पावत्या घ्या: फक्त गाडीची पुढची चाकं काट्यावर, मग गाडीची चारही चाकं, कॅराव्हॅन जोडलेली पण तिची चाकं काट्याबाहेर, मग सगळी जोडगोळी. दुसरीतून पहिली वजा केली की मागच्या अ‍ॅक्सलचा भार, तिसरीतून दुसरी वजा केली की कॅराव्हॅनच्या चाकांवरचा. काट्यावाल्याला आधी सांगून ठेवा, ट्रकांची रांग असली की तो घाई करतो.

टंग वेट मात्र धर्मकाट्यावर नेमकं कळत नाही, कारण तो बहुधा ५-१० किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतो. त्यासाठी घरातला माणसं मोजायचा काटा पुरतो. कॅराव्हॅन सपाट जागी, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. काट्यावर उभा लाकडी ओंडका ठेवून त्यावर कपलर (नाकावरचा, बॉलवर बसणारा भाग) टेकवा. ओंडक्याची उंची अशी हवी की कपलर बॉलच्या उंचीवर आणि कॅराव्हॅन समपातळीत राहील. जॉकी व्हील (नाकाखालचं टेकूचं छोटं चाक) पूर्ण वर. जो आकडा येईल तो टंग वेट. काट्याची मर्यादा आधी पाहा, १५० किलोचा असला तर बरं.

हिंगणा_फॅब

वर वजनाचं आलं, हिचचं राहिलं. आपल्याकडे टो बार म्हणून जे विकतात त्यातले पुष्कळसे बंपरचं रक्षण करायला किंवा शोभेला बसवलेले असतात. त्यांना कॅराव्हॅन लावू नका. हिचवर पाटी हवी, आणि पाटीवर दोन आकडे: डी व्हॅल्यू आणि बॉलवरचा उभा भार.

डी व्हॅल्यू म्हणजे गाडी आणि ट्रेलर यांच्यात पुढे-मागे जे धक्के बसतात ते हिच किती सोसेल, किलोन्यूटनमध्ये. सूत्र: ९.८१ × (गाडीचं कमाल वजन × ट्रेलरचं कमाल वजन) ÷ (दोन्हींची बेरीज), वजनं टनांत. तुमची दुसरी कॅराव्हॅन: ९.८१ × २.६२ × १.०५ ÷ ३.६७ = ७.३५. तिसरी: १०.१. पाटीवरचा आकडा यापेक्षा मोठा हवा. पाटीच नसेल तर पुढे विचारायचं काही उरत नाही.

बसवताना चौकट चॅसिसच्या दोन्ही लांब मेंबरना, कंपनीच्या भोकांतून बोल्टने यावी. चॅसिसवर वेल्डिंग करू देऊ नका. वेल्डच्या शेजारची पट्टी तापून तिचा गुण बदलतो आणि पुढे त्याच रेषेत तडा जातो. बोल्ट किमान ८.८ ग्रेडचे, नट लॉकिंगचे, आणि ज्या टॉर्कचा आकडा हिचवाल्याने दिला असेल त्याच टॉर्कने, टॉर्क रेंचने. पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासा, कारण पेंटचा थर दबला की बोल्ट ढिले होतात.

लॅडर फ्रेमच्या बऱ्याच गाड्यांची स्टेपनी मागे खाली लटकलेली असते. हिच बसल्यावर ती उतरते का, हे वर्कशॉपमध्येच उतरवून पाहा. नाही उतरली तर रस्त्यात कॅराव्हॅन सोडवूनही उपयोग नाही.

बॉलचं माप. युरोपी पद्धतीचा बॉल ५० मिलिमीटर, अमेरिकी २ इंच म्हणजे ५०.८. फरक एका मिलिमीटरपेक्षाही कमी, म्हणून लोक एकमेकांत चालवतात. २ इंची कपलर ५० च्या बॉलवर खडखडतो आणि झिजतो. ५० चा कपलर मोठ्या बॉलवर नीट बसत नाही, कुलूप अर्धंच लागतं. दोन्हींवर माप कोरलेलं असतं, वाचून जोडी लावा.

उंची: युरोपी मापाप्रमाणे भरलेल्या गाडीत बॉलचा मध्य जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटरवर. आपल्या एसयूव्ही उंच, म्हणून खाली उतरणारा माउंट लागतो. कॅराव्हॅन समपातळीत किंवा नाकाकडे किंचित झुकलेली हवी. नाक वर राहिलं तर तिची शेपटी गतिरोधकावर घासते, आणि विदर्भातल्या गावागावांतले गतिरोधक आपण सगळे ओळखतो.

वायरिंग. सात पिनच्या १२एन सॉकेटची मांडणी: १ पिवळी डावा इंडिकेटर, २ निळी मागचा फॉग, ३ पांढरी अर्थ, ४ हिरवी उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी उजवा टेल, ६ लाल ब्रेक, ७ काळी डावा टेल. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतात, असा विचित्र प्रकार दिसला तर दहातले नऊ वेळा ३ नंबरचा अर्थ खराब असतो. पिन घासा, वायर पुन्हा क्रिंप करा. नव्या गाड्यांत टेल लॅम्पची वायर चाकूने सोलून जोड मारू नका. बॉडी कंट्रोल मॉड्यूल प्रत्येक दिव्याचा करंट मोजतो, जास्त दिसला की दिवा बंद करतो किंवा एरर देतो. ट्रेलर मॉड्यूल घ्या, जो सिग्नल गाडीकडून घेतो पण दिव्यांचा करंट सरळ बॅटरीवरून, फ्यूजमधून.

कॅराव्हॅनची बॅटरी चालत्या गाडीवर चार्ज करायची असेल तर वायरची जाडी बघा. गाडीच्या बॅटरीपासून कॅराव्हॅनपर्यंत ६ मीटर, जाऊन-येऊन १२. २५ अँपिअरला ६ चौरस मिलिमीटर तांब्यात सुमारे ०.८६ व्होल्ट गळतात, १६ मध्ये ०.३२. ६ ची वायर टाकली की बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही आणि लोक बॅटरीला दोष देतात. सोबत डीसी-डीसी चार्जर हवाच.

साखळ्या दोन, कपलरखाली एकमेकींना छेद देऊन, म्हणजे कपलर सुटला तर नाक साखळ्यांच्या झोळीत अडकतं, डांबरात रुतत नाही. ब्रेकअवे केबल (कॅराव्हॅन सुटली तर तिचे ब्रेक ओढणारी) बॉलच्या मानेला गुंडाळू नका. बॉल माउंटच निघाला तर केबलही त्याच्यासोबत जाईल आणि ब्रेक लागणार नाहीत. ती चॅसिसवरच्या पक्क्या कडीला.

मिहान_कम्यूट

छान चर्चा आहे जी. इथेच एक विचारते. आमची मोनोकॉक (वेगळी चॅसिस नसलेली), पेट्रोल टर्बो, ७ स्पीड ड्युअल क्लच, रिकामं वजन १४०० च्या आसपास. वरची पहिली, ७०० किलोची टिअरड्रॉप चालेल का? आम्ही तिघंच.

काटापावती

ताई, हँडबुकात ब्रेकशिवाय ट्रेलरचा आकडा ७०० किंवा वर नसेल तर नाही. युरोपात ब्रेकशिवायच्या ट्रेलरची कमाल हद्द ७५० किलो आहे, पण लहान गाड्यांना कंपन्या त्याहून बरंच कमी देतात.

ब्रेकचा हिशेब पाहा. १४०० किलोच्या गाडीची चारच चाकं २१०० किलो थांबवणार. कोरड्या डांबरावर एकटी गाडी ८० च्या वेगातून, ब्रेक लागल्या क्षणापासून साधारण ३१ मीटरमध्ये थांबत असेल, तर ही जोडी ४७ मीटर घेते. आणि ती सरळ थांबली तर. वळणावर मागचं वजन गाडीला आडवं ढकलतं.

दुसरं, ड्राय ड्युअल क्लच. त्यात टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलाचा जोड) नसतो, त्यामुळे गाडी हलवताना क्लच घसरवूनच सुरुवात होते. वर्धा रोडच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये दर दोन मीटरला दीडपट वजन हलवायचं, तेही ४५ डिग्रीत, म्हणजे क्लच तापण्याचा इशारा ठरलेला. ब्रेकवाली, ४५०-५०० किलोत भरून होणारी लहान कॅराव्हॅन मिळाली आणि कंपनीचा आकडा परवानगी देत असेल, तर विचार करा. मोनोकॉकला बॉलवरच्या भाराची हद्दही कमी असते, परदेशात बऱ्याचदा ७५ ते १०० किलो. मागे सायकल रॅक लावत असाल तर तोही याच हद्दीत मोजायचा.

घाटवाट

रस्त्यांबद्दल लिहितो, कारण वजन जमलं तरी वेग चुकला की सगळं फुकट.

समृद्धीवर शिवमडक्याहून चढलात की मोटारींना १२० ची मुभा दिसते. कॅराव्हॅन जोडल्यावर ती तुमच्यासाठी नाही. ७० ते ८०, डावी लेन. हवेचा अडसर वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० वरून १०० वर गेलात तर दीडपटीहून जास्त, आणि कॅराव्हॅनचं तोंड म्हणजे सरळ भिंत. ८० चं दुसरं कारण असं की ट्रकही साधारण त्याच वेगात असतात. सारखे ओव्हरटेक करावे लागत नाहीत, आणि प्रत्येक ओव्हरटेकमध्ये ट्रकभोवतीची हवा कॅराव्हॅनला ढकलते आणि ओढते. डोलणं सुरू होतं ते बहुतेक तिथेच, नाहीतर उंच पुलावरच्या आडव्या वाऱ्यात.

डोलायला लागली तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, आणि वेग आपोआप उतरू द्या. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर कंट्रोलरच्या हाताच्या लिव्हरने फक्त कॅराव्हॅनचे ब्रेक हलके लावा. गाडीचा ब्रेक जोरात मारू नका. उलटसुलट स्टिअरिंग फिरवू नका, तुमचा हात प्रत्येक झोक्याला अर्धा क्षण उशिरा पोचतो आणि झोका वाढतो. वेग वाढवला की ती सरळ होते हा सल्ला ऐकू नका. थांबल्यावर कारण शोधा: टंग वेट कमी, जड सामान शेवटच्या कपाटात, एखाद्या टायरची हवा कमी, किंवा निव्वळ वेग. फ्रिक्शनवाला स्टॅबिलायझर मिळतो, घ्या, पण तो चुकीच्या भरण्यावर इलाज नाही.

घाट. परतवाड्याहून चिखलदरा, किंवा पचमढीला जाताना सौंसर-छिंदवाड्यामधली सिल्लेवानी घाटी. दर १०० मीटरला ८ मीटर चढ धरला आणि गाडी-कॅराव्हॅन मिळून ३६०० किलो, तर ४० च्या वेगाने नुसतं वर चढायलाच ३१ किलोवॅट, म्हणजे ४२ पीएस लागतात. इंजिनकडे तेवढी ताकद असते. अडचण उष्णतेची आहे. ऑटोमॅटिकला डी मध्ये सोडलं तर गिअर वरखाली होत राहतो, टॉर्क कन्व्हर्टर लॉक होत नाही आणि ऑइल तापतं. मॅन्युअल मोडमध्ये दुसरा-तिसरा धरून ठेवा. एप्रिल-मेमध्ये घाट सकाळी ९ च्या आत संपवा. गिअर ऑइलच्या तापमानाचा इशारा आला तर सावलीत थांबा, इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवा, म्हणजे कूलरमधून ऑइल फिरत राहतं.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच किंवा एक खालच्या गिअरमध्ये. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. वेग वाढला की ठाम दाबा, १० ने कमी करा, सोडा. ओव्हररन ब्रेकची एक खोड माहीत हवी: कॅराव्हॅन गाडीवर रेलली की तिचे ब्रेक लागतात, म्हणून लांब उतारावर इंजिन ब्रेकिंग चालू असलं तरी ते थोडे घासत राहतात. खाली आल्यावर हबला हाताच्या मागच्या बाजूने, न टेकवता, दोन्हीकडची आच तपासा. एक जास्त तापला असेल तर ब्रेक अडकला आहे किंवा बेअरिंग जातंय.

नारंगी_प्रवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. तिसरी यादीतून काढली, घरी काट्याचं गणित दाखवल्यावर पटलं. दुसरीबद्दल दोन शंका. पाण्याची ८० लिटरची टाकी अ‍ॅक्सलच्या १.२ मीटर मागे आहे आणि बॅटरीचा डबा अगदी पुढच्या नाकाच्या पेटीत. बॉल ते अ‍ॅक्सल ३.३ मीटर. विकणारा म्हणतो दोन्ही एकमेकांना तोलतात. दुसरं, उन्हाळ्यात आईला एसीशिवाय जमणार नाही, तो बॅटरीवर चालेल का?

काटापावती

तोलतात ते फक्त थांबलेल्या कॅराव्हॅनमध्ये, आणि तेही टाकी भरलेली असताना. हिशेब: ८० × १.२ ÷ ३.३, भरलेली टाकी नाकावरून २९ किलो उचलते. ५५ किलोची बॅटरी अ‍ॅक्सलच्या २.७ मीटर पुढे असेल तर ५५ × २.७ ÷ ३.३ = ४५ किलो नाकावर टाकते. टाकी भरलेली असताना ९० जमवलंत, तर ती रिकामी झाल्यावर परतीच्या वाटेवर ११९. रिकामी असताना ९० जमवलंत, तर निघताना ६१, म्हणजे ६ टक्क्यांच्या खाली. आणि डोलणं नेमकं अशाच वेळी सुरू होतं.

चालताना आणखी एक गोष्ट. दोन टोकांना घागरी बांधलेली कावड एकदा फिरली की आवरत नाही. तेवढंच वजन मधोमध धरलं तर सहज थांबतं. कॅराव्हॅनच्या दोन टोकांना वजन ठेवून टंग वेट बरोबर आणता येतं, पण एकदा झोका सुरू झाला की तो मरायला वेळ लागतो. म्हणून जड वस्तू अ‍ॅक्सलच्या आसपास, जमिनीलगत. बॅटरी बेडखाली, अ‍ॅक्सलच्या थोडी पुढे आणा. ट्यूब्युलर असेल तर हवाबंद पेटी आणि बाहेर निघणारी नळी लागेल, चार्ज होताना हायड्रोजन निघतो. १०० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी साधारण १२ किलोची. महाग आहे, पण वाचलेले ४० किलो तुमच्या १०५० मध्ये सोन्यासारखे आहेत. टाकी हलवता येत नसेल तर प्रवासात रिकामी ठेवा, २० लिटरचा कॅन अ‍ॅक्सलवर ठेवा आणि मुक्कामी भरा.

एसी बॅटरीवर नाही. १ टनाचा इन्व्हर्टर एसी पूर्ण जोरात सुमारे १ किलोवॅट घेतो. १५० एएच, १२ व्होल्ट म्हणजे १.८ युनिट, त्यातलं निम्मंच वापरावं. तास पुरायच्या आत खलास. १६ अँपिअरचं कनेक्शन देणारी रिसॉर्ट गाठा, केबल २.५ चौरस मिलिमीटरची, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) कॅराव्हॅनमध्ये. केबल रीळावर गुंडाळलेली ठेवून एसी चालवू नका, आतली वेटोळी तापून इन्सुलेशन वितळतं. ३५ किलो छतावर टाकण्यापेक्षा लहान एसी खालच्या कपाटात बसणारा मिळाला तर उत्तम.

गॅस शेगडी असणारच, तर एलपीजी हवेपेक्षा जड आहे हे ध्यानात घ्या. सिलिंडरच्या पेटीला तळाशी बाहेर उघडणारं छिद्र हवं, आणि ते आत झोपायच्या जागेशी जोडलेलं नको.

एमएच४०_कागद

कागदपत्रं शेवटी विचारतात आणि अडकतात तिथेच. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या व्याख्येत ‘मोटार वाहन’ शब्दात ट्रेलर येतो. म्हणून कॅराव्हॅनला स्वतःची नोंदणी आणि स्वतःची नंबर प्लेट लागते, गाडीचा नंबर मागे रंगवून चालत नाही. तुमचा पत्ता पाहून शहराचं आरटीओ (एमएच ३१), पूर्व नागपूरचं (४९) की ग्रामीणचं (४०) ते ठरेल. फॉर्म २० अर्जाचा, २१ विक्रीचा, २२ रस्तायोग्यतेचा. याआधी विकणाऱ्याकडे त्या मॉडेलची मान्यता हवी, पुण्याची एआरएआय किंवा मानेसरच्या आयकॅटसारख्या संस्थेची. टोकन देण्यापूर्वी त्या प्रमाणपत्राची प्रत मागा आणि त्यावरचं कमाल वजन ब्रोशरशी जुळवा. ७५० किलोपर्यंत टी१ वर्ग, त्यावर ३.५ टनांपर्यंत टी२, म्हणजे तुमची १०५० वाली टी२ मध्ये.

गाडीला हिच लावणं हा बदल आहे, कायद्याच्या कलम ५२ खाली येणारा. आरटीओत आधी विचारून मग बसवा. विमा कंपनीकडून दोन गोष्टी लेखी: कॅराव्हॅनची स्वतंत्र पॉलिसी, आणि गाडीच्या पॉलिसीत ट्रेलर ओढण्याची नोंद. एजंटचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा होकार दाव्याच्या वेळी कामाला येत नाही.

वाडी_टायर

घेताना टायर बघा, कुणीच लिहिलं नाही. साइडवॉलवर मापानंतर लोड इंडेक्स असतो. या आकाराच्या कॅराव्हॅनवर १७५/७० आर १३, इंडेक्स ८२ दिसतो कधी कधी. ८२ म्हणजे ४७५ किलो, दोन मिळून ९५०. तुमच्या १०५० मधून ९० बॉलवर गेले तरी चाकांवर ९६०. म्हणजे टायर पहिल्या दिवसापासून हद्दीबाहेर, आणि एका बाजूला किचन असलं की तिकडचा अजून जास्त. १८५ आर १४ सी, इंडेक्स १०२ म्हणजे एकाला ८५०, असं काहीतरी मागा. रिम त्या हवेच्या दाबाला चालणारी आहे का, तेही पाहा.

चार आकडी तारीख कोड बघा: २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. कॅराव्हॅनचे टायर झिजून नाही, उभे राहून मरतात. नागपूरच्या उन्हात अंगणात उभी राहणार असेल तर टायर झाका, आणि पाच-सहा वर्षांत नक्षी कितीही नवी दिसली तरी बदला. हवा सकाळी, थंड टायरमध्ये भरा. दुपारी दाब वाढलेला दिसला तर कमी करू नका, तो वाढणारच. कमी केलात की संध्याकाळी टायर मऊ राहतो, जास्त वाकतो आणि वाकल्यामुळेच तापून फुटतो.

बेअरिंग घेतल्यावर लगेच उघडून पाहा. बरेचदा ग्रीस असतंच नाही किंवा जुनं वाळलेलं असतं. ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय २ (घट्टपणाची प्रत). चाक उचलून वर-खाली धरून हलवा, खुळखुळ नको. व्हील नट टॉर्क रेंचने, आणि पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा. पेंचला निघालात तर मनसरला थांबून करून घ्या, पुढे देवलापारकडचं जंगल लागायच्या आत.